डर्टच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन: बुश घालू की बेअरिंग? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थी झाली, पाऊस ओसरला, सड्यांवरचं गवत पिवळं पडायला लागलं की माझ्याकडे तेच तेच प्रश्न यायला लागतात. डिचोलीतून येतात, फोंड्यातून येतात, गेल्या वर्षी सावंतवाडीहून पण दोघं जण गाडी घेऊनच आले होते. ऑटोक्रॉस, रॅली स्प्रिंट, डर्ट ट्रॅक, मातीवरच्या शर्यतींतलं जे काय खेळत असाल ते, मागच्या सस्पेन्शनचे सांधे कशाचे असावेत हा प्रश्न सगळ्यांचा एकच. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

इंजिन, टायर, शॉक सोडून मागच्या बुशांवर एवढा खर्च कशाला?

कारण डर्टवर गाडी मागच्या बाजूनेच वळवायची असते. स्टिअरिंग दिलं, मागचा भाग सुटला, मग थ्रॉटलवर त्याला धरून ठेवायचं. हे जमायला मागचं चाक दर वेळी त्याच जागी पायजे. बुश ढिला असेल तर एका वळणावर मागचं चाक आत बघतं, पुढच्या वळणावर बाहेर बघतं, आणि ड्रायव्हरला वाटतं की आपला हात बसत नाहीये. चांगल्या पोरांनी सहा महिने स्वतःला दोष दिलेला बघितलाय मी, आणि शेवटी निघालं काय तर ट्रेलिंग आर्मचा (चाकाला चेसीशी जोडणारा पुढून-मागे जाणारा दांडा) पुढचा बुश आतून पूर्ण फाटलेला.

बुश आणि बेअरिंग यात नेमका फरक काय?

रबरचा बुश म्हणजे बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी स्लीव्ह आणि मधे चिकटवलेलं रबर. यात काहीच घसरत नाही, रबर पिळतं आणि परत येतं. पॉलीयुरेथेनच्या बुशात स्लीव्ह पॉलीच्या आत फिरते, म्हणजे तिथे घर्षण आहे, ग्रीस लागतं. डेल्रिन (कडक प्लास्टिक), नायलॉन, गनमेटल (ब्राँझचा प्रकार) यांचंही तसंच, फक्त ते आणखी कडक, एकाच अक्षावर फिरणार आणि बाकी कुठे वाकणार नाहीत. स्फेरिकल बेअरिंगमध्ये गोळा वाटीत बसलेला असतो, तो फिरतोही आणि तिरकाही होतो, आणि तरी लांबी-रुंदीत हलत नाही. त्यालाच दांडी आणि आटे लावले की रॉड एंड झाला, गॅरेजात त्याला रोझ जॉइंट म्हणतात, अमेरिकेत हाइम जॉइंट.

आता मुद्द्याचं. मटेरियल नंतर ठरवायचं, आधी तो सांधा किती दिशांनी हलतो ते बघायचं. एकाच दिशेने हलत असेल तर कडक बुश चालतो. दोन-तीन दिशांनी हलत असेल तर तिथे एक तर मऊ पायजे नाही तर गोळा पायजे, मधलं कडक प्लास्टिक तिथे घातलं की सस्पेन्शन अडकतं. नव्वद टक्के चुका इथेच होतात, पोरं आधी कॅटलॉग उघडतात आणि गाडीखाली नंतर जातात.

पॉली घातल्यावर गाडी मागून अचानक सुटायला लागली, असं का?

हा प्रश्न बहुतेक कॉइल स्प्रिंगच्या, रिजिड (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या सलग) अ‍ॅक्सलच्या गाडीवाल्यांचा असतो. डावं चाक उंचवट्यावर चढलं आणि उजवं खड्ड्यात गेलं की अख्खं अ‍ॅक्सल तिरकं होतं. अशा वेळी आर्मच्या टोकाला असलेला बुश नुसता वरखाली फिरत नाही, त्याला पीळ पण बसतो. रबर तो पीळ खातं. कडक पॉली खात नाही, तो उलटा ढकलतो, म्हणजे तुम्ही न सांगता मागे एक जाड अँटी-रोल बार (गाडी कलू न देणारा दांडा) बसवल्यासारखं झालं. आतलं चाक हलकं होतं, ग्रिप जाते आणि गाडी फटकन फिरते.

जिम्नीसारख्या थ्री-लिंक गाडीत तर हे आणखी जाणवतं, कारण तिथे आर्म अ‍ॅक्सलला दोन-दोन बुशांनी धरलेला असतो. अ‍ॅक्सल तिरकं व्हायचं म्हटलं तर बुश दाबला जाण्याशिवाय दुसरा मार्गच नाही, डिझाइनच तसं आहे. तिथे सगळीकडे कडक पॉली घालणं म्हणजे मागचा ट्रॅव्हल (चाकाची वरखाली हालचाल) स्वतःच्या हाताने कापून टाकणं. अ‍ॅक्सलच्या बाजूला रबरच ठेवा, चेसीच्या बाजूला फार तर मध्यम पॉली.

तपासायचं असेल तर मागच्या स्प्रिंगा आणि शॉक काढा, चेसी स्टँडवर पक्की ठेवा आणि जॅकने अ‍ॅक्सलचं एकच टोक हळूहळू वर न्या. मोकळं असेल तर अ‍ॅक्सल आपल्या वजनाने सोबत येतं आणि परत खाली बसतं. मधेच जड झालं, कुईं आवाज आला, किंवा जॅक सोडल्यावर अ‍ॅक्सल हवेतच राहिलं, तर तिथे बाइंड आहे. अर्ध्या तासाचं काम आहे, पण हे केल्याशिवाय स्प्रिंग बदलायला जाऊ नका प्लीज.

मग सगळीकडे रोझ जॉइंटच टाकून देतो, प्रश्न मिटला?

नाही मिटत. रोझ जॉइंट हालचालीला मोकळा आणि जागेला पक्का, दोन्ही गुण खरे, पण तो झटका अजिबात खात नाही. रबर जो धक्का गिळत होतं तो आता थेट ब्रॅकेटवर, वेल्डिंगवर आणि चेसीच्या पत्र्यावर जातो. जुन्या गाडीच्या पत्र्याला आतून गंज लागलेला असेल, आणि आपल्याकडे खाऱ्या हवेत तो लागतोच, तर ब्रॅकेटच फाटून येतो. आधी ब्रॅकेटला जाड प्लेट मारा आणि मग जॉइंटचा विचार करा.

दुसरं म्हणजे आयुष्य. रबरचा चांगला बुश दोन सीझन कोणी न बघता चालतो. उघडा रोझ जॉइंट आपल्या मातीत दोन-तीन इव्हेंटमध्ये खडखडायला लागलेला मी बघितलाय.

पैसे दोनच जॉइंटचे असतील तर पॅनहार्ड रॉडच्या दोन टोकांना घाला. तो आडवा रॉड अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही, त्याच्यावर जोर सरळ लांबीतच येतो, म्हणजे रॉड एंडला जसा जोर आवडतो तसाच. लगेच फरक कळतो. गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे वेगळीच वागत असेल तर ते बरंचसं तिथेच सुटतं. एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे आटे घेतलेत तर रॉड जागेवरच फिरवून अ‍ॅक्सल मधोमध आणता येतं.

माझी जिप्सी आहे, मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आहेत. तिला काय?

जिप्सीवाल्यांनो, तुमचं सोपं आहे. पाट्याचा पुढचा डोळा चेसीला फिक्स असतो आणि मागचा शॅकलवर (हलत्या दुव्यावर) झुलतो. अ‍ॅक्सल पुढे-मागे कुठे राहणार हे पुढचा डोळा ठरवतो, म्हणून तिथे थोडा कडक बुश, मध्यम पॉली, फायद्याचा. शॅकलला रबर किंवा मऊ पॉली ठेवा, कारण पाटा स्वतः पिळतो आणि त्याला कुठे तरी सैल व्हायला जागा पायजे. दोन्हीकडे एकदम कडक घातलंत तर पाट्याची मुख्य पट्टी डोळ्याजवळ तडकायला सुरुवात होते.

आणि शॅकलचे बोल्ट जीव खाऊन आवळू नका. पॉलीच्या स्लीव्हची लांबी बुशपेक्षा केसभर जास्त असते ती त्यासाठीच, आवळल्यावर प्लेटांनी स्लीव्हला धरायचं, बुशला नाही. शॅकल हाताने ढकलून झुलला पायजे. पाटा असताना वरून पॅनहार्ड लावायचा विचार बहुतेकांना येतो, पण पाट्याची वाट वेगळी आणि रॉडची वर्तुळात, दोघं भांडतात. नीट मांडणी जमणार नसेल तर सोडून द्या.

पावसातल्या ऑफरोडसाठी, म्हणजे २०१४ साली गोव्यात सुरू झालेल्या आरएफसी (रेनफॉरेस्ट चॅलेंज) इंडियासारख्या प्रकारासाठी, जिप्सी बनवत असाल तर हे सगळं उलटं वाचा. तिथे वेग कमी आणि ट्रॅव्हल प्रचंड लागतो, म्हणून दोन्हीकडे मऊच बरं.

स्विफ्ट, पोलो अशा टॉर्शन बीमच्या गाडीला?

टॉर्शन बीम म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा, पिळणारा आडवा बीम. त्याचे पुढचे दोन मोठे बुश, बस, तेवढेच सांधे आहेत. पण बीम मधेच पिळत असतो, त्यामुळे त्या बुशांची हालचाल सरळ बिजागरीसारखी नसते, थोडी तिरकी पण असते. म्हणून डेल्रिन, नायलॉन इथे नको. ताजे कंपनीचे रबर, नाही तर मध्यम पॉली, आणि क्लासमध्ये चालत असेल, बजेटही असेल, तर स्फेरिकल. फ्रंट व्हील ड्राइव्हला मागचं टोक पटकन फिरवायचं असतं, तिथे नवीन रबरने पण गाडी इतकी बदलते की बऱ्याच जणांचं काम तिथेच भागतं. एस्टीमसारखी मागे स्ट्रट असलेली जुनी गाडी असेल तर खालच्या आर्मचे बुश आधी बघा, टो (चाक आत किंवा बाहेर बघण्याचा कोन) तिथून हलतो.

पॉली किती कडक घेऊ? लाल, काळा, पिवळा, कुठला रंग?

रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंगाचा हिशोब वेगळा. शोर ए चा, म्हणजे कडकपणाचा, आकडा विचारा. टायरचं ट्रेड साधारण ६० ते ७० असतं, बुशचं रबर त्याच्या आसपास किंवा थोडं मऊ. पॉली साधारण ७० पासून ९५ पर्यंत मिळते. डर्टसाठी, आणि मागच्या बाजूसाठी, मी ८० च्या वर सहसा जात नाही. ९५ चा डांबरी ट्रॅकवर उपयोग आहे. आकडा माहीत नाही असं दुकानदार म्हणाला तर घेऊ नका.

लेथवर नायलॉनचे बुश स्वस्तात करून मिळतात, घालू का?

गोव्यात असाल तर नको. हे मी अनुभवाने सांगतोय, आणि चूक माझीच होती.

एका मित्राच्या गाडीच्या ट्रेलिंग आर्मला मी कास्ट नायलॉनचे बुश टर्न करून घेतले, मे महिन्यात. माप एकदम चोख ठेवलं, स्लीव्ह बोटाने ढकलली तर आत जाईल आणि सोडली तर पडणार नाही अशी. मे मध्ये गाडी सुंदर चालली. मग पाऊस लागला, गाडी शेडमध्ये, पण आपल्याकडची जुलैची हवा म्हणजे नुसतं पाणीच, वर दर रविवारी धुणं चालू. ऑगस्टमध्ये काही कामासाठी गाडी जॅकवर घेतली तर मागचं चाक खाली आलंच नाही. चेसी वर गेली आणि चाक हवेत तसंच, आर्म जसा होता तसा. मी पायाने दाबला तेव्हा कट्ट करून खाली आला. उघडून बघितलं तर स्लीव्ह नायलॉनमध्ये अशी जखडली होती की ती फिरतच नव्हती, तिच्याऐवजी बोल्ट ब्रॅकेटमध्ये फिरत होता आणि ब्रॅकेटचं गोल भोक लांबट झालं होतं, कडा आरशासारख्या घासलेल्या. तो ब्रॅकेट कापून नवा वेल्ड करावा लागला.

कारण साधं आहे. नायलॉन पाणी पितं. नायलॉन ६ पाण्यात बुडवून ठेवलं तर वजनाच्या जवळपास ९ टक्क्यांपर्यंत पाणी घेतं, आणि नुसत्या दमट हवेतही २-३ टक्के सहज. पाणी प्यायलं की फुगतं. बाहेरून लोखंडी नळीने धरलेलं, मग फुगून जाणार कुठे, आतल्या भोकातच. ३० मिलिमीटरच्या बुशात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाचा फरक पडतो आणि आपली गॅप त्याहून कमी असते. अ‍ॅसिटल, म्हणजे डेल्रिन ज्याला म्हणतो ते, पूर्ण भिजलं तरी १ टक्क्याच्या आतच राहतं. कोकणपट्टीत टर्न करून घ्यायचंच असेल तर अ‍ॅसिटलचा रॉड आणून द्या लेथवाल्याला, आणि देताना स्वतः खात्री करा, कारण पांढरा नायलॉन आणि पांढरा अ‍ॅसिटल बघून पटकन ओळखत नाहीत. पाण्यात टाकून काही कळत नाही, दोन्ही बुडतात. बिलावर नाव लिहून घ्या.

गनमेटलचे बुश जुने लोक वापरायचे, ते चालतात का?

चालतात, आणि माझ्या मते लोक उगाच विसरले. एकाच अक्षावर फिरणारा सांधा, दोन बाजूंनी ओ-रिंग किंवा सील, मधे ग्रीस निपल, आत घासून पॉलिश केलेली कडक पिन. प्रत्येक इव्हेंटनंतर गन लावून जुनं मातकट ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरायचं. माती बाहेर ढकलायची यापेक्षा सोपी पद्धत नाही. फक्त तिरकी हालचाल असेल तिथे नको, कडा खातात.

सरळ ६२०३ सारखं बॉल बेअरिंग बसवलं तर? स्मूथ फिरेल ना?

हातात धरून फिरवलं तर स्मूथ वाटेल. पण बॉल बेअरिंग गोल गोल फिरायला केलेलं असतं, सस्पेन्शनचा आर्म फिरत नाही, नुसता वीस-तीस अंशात डुलतो. गोळी त्याच त्याच जागी पुढे-मागे होते, तिथलं ग्रीस बाजूला सरतं, वरून उडीचा दणका बसतो आणि रेसवर वाटीसारखे खळगे पडतात. मग तो आर्म त्या खळग्यांतून टकटक करत सरकतो. बाइकच्या स्विंगआर्मला नीडल बेअरिंग असतात हे खरं, पण तिथे खूप साऱ्या लांब सुया भार वाटून घेतात आणि सील पण चांगले असतात. बॉल बेअरिंग चाकाच्या हबमध्येच राहू द्या.

रॉड एंड घेताना काय काय बघू?

पहिलं, तो कुठे लावणार आणि जोर कुठून येणार. रॉड एंडची दांडी ताणायला आणि दाबायला भक्कम असते, वाकवायला नाही. आर्मचं टोक म्हणून लावला आणि स्प्रिंग त्याच आर्मवर बसवली तर आट्यांच्या मुळाशी वाकवणारा जोर येतो आणि तिथेच तुटतो. जिथे वाकवणारा जोर आहे तिथे आट्याचा रॉड एंड नको, नळीत दाबून बसवलेलं स्फेरिकल बेअरिंग घ्या.

दुसरं, आटे आत किती गेलेत. दांडीच्या जाडीच्या निदान दीडपट, १२ मिलिमीटरला १८ तरी. अलाइनमेंट जुळवता जुळवता बाहेर काढत काढत चार आट्यांवर आणून ठेवलेले लिंक मी बघितलेत, अंगावर काटा येतो.

तिसरं, डबल शीअर. दोन प्लेटांच्या मधे जॉइंट, आरपार बोल्ट. एका बाजूने लटकवलेला बोल्ट डर्टवर वाकतोच. तसं करावंच लागलं तर डोक्याच्या बाजूला मोठा वायसर टाका, गोळा वाटीतून निघाला तरी लिंक सुटून रस्त्यावर पडणार नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचा, आणि प्लेटांच्या मधल्या भागात आटे येऊ देऊ नका, तिथे गुळगुळीत दांडीच पायजे.

चौथं, कोन. साधा रॉड एंड साधारण १२-१५ अंश तिरका होतो, त्यापुढे त्याचं अंग प्लेटला टेकतं आणि मग प्लेट पहारीसारखी काम करून त्याला तोडते. पूर्ण ड्रूप (चाक खाली) आणि पूर्ण बंप (चाक वर), दोन्हीकडे हाताने नेऊन बघा. टेकत असेल तर शंकूसारखे हाय मिसअलाइनमेंट स्पेसर येतात ते लावा.

त्यात ग्रीस मारायचं की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोन जातीचे असतात म्हणून. आत पांढरट-तपकिरी टेफ्लॉनचं अस्तर असेल तर ग्रीस नाही, ऑइल नाही, डब्ल्यूडी-४० तर अजिबात नाही. अस्तर कोरडंच चालतं, ग्रीसला माती चिकटते आणि ती अस्तर खरवडते. साबणाच्या पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं. स्टीलवर स्टील असेल, अंगावर निपल किंवा ग्रीसची खाच असेल, तर ग्रीस लागतंच.

पॉलीला सिलिकॉनचं चिकट ग्रीस, ते पावसाने धुतलं जात नाही. रबरला ग्रीस लावूच नका, साधं पेट्रोलियमचं ग्रीस नैसर्गिक रबरला फुगवून पोचट करतं. बसवताना साबणाचं पाणी पुरतं.

आपल्या तांबड्या मातीत हे टिकणार कसं?

आपली माती म्हणजे चिऱ्याची माती, लोखंडाने भरलेली. कोरडी असताना पावडर होऊन प्रत्येक फटीत शिरते आणि ओली झाली की पेस्ट. एकदा सड्यावरच्या इव्हेंटनंतर रॉड एंड उघडला तेव्हा गोळ्याभोवती विटकरी रंगाचा थर होता, बोटांत चोळला तर व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखा करकर लागत होता. ती पेस्ट घालून आपण दिवसभर जॉइंट घासत होतो.

म्हणून झाकणं हेच अर्धं काम आहे. रॉड एंडसाठी रबरी बूट मिळतात, ते घ्या. मिळाले नाहीत तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन झिप टायने बांधा, पण इव्हेंट संपला की कापून टाका, नाही तर आत पाणी राहून गंज चढतो. दाबून बसवायचं बेअरिंग घेत असाल तर दोन्ही बाजूंना सील असलेलं घ्या. कारखान्यांच्या मशिनरीला लागतात ते जीई सिरीजचे स्फेरिकल मोठ्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात, जीई २० ईएस-२आरएस म्हणजे भोक २० मिलिमीटर, बाहेरून ३५, आणि २आरएस म्हणजे दोन्हीकडे सील. हे स्टीलवर स्टील आहे, तेव्हा ग्रीस लागणार.

प्रेशर वॉशरचं नोझल सांध्यावर धरू नका. सील चिखल थांबवायला असतो, शंभर बारचं पाणी थांबवायला नाही. लांबून धुवा, सुकलं की हवा मारा.

नवीन रबर बुश महिन्यात फाटले. माल डुप्लिकेट?

असू शकतो, पण आधी सांगा बोल्ट कधी आवळला. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळला असेल तर तिथेच चूक झाली. चिकटवलेलं रबर त्या लोंबत्या जागेला आपली मूळ जागा समजतं, गाडी चाकांवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. वर बंप आला की आणखी पीळ, आणि फाटतं. बोल्ट नुसते हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा मागून दाबून बसू द्या, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवा आणि मग खाली शिरून टॉर्कने आवळा. रॅम्प नसेल तर चाकांखाली फळ्या घाला, जॅकवर नको. पॉली आणि स्फेरिकलला ही भानगड नाही, ते कुठेही आवळा.

जुना बुश निघतच नाही. गॅस लावून जाळू?

नका जाळू. रबरचा धूर वाईटच, पॉलीयुरेथेनचा तर विषारी असतो, त्यात सायनाइडचा वायू निघतो, आणि आपण बंद शेडमध्ये डोकं घालून बसलेलो असतो. बारीक ड्रिलने रबरमध्ये गोल भोकं पाडा, आतली स्लीव्ह ढकलून काढा, मग हॅकसॉचं पातं आत घालून बाहेरच्या नळीला एक उभी चीर द्या, पिळून बाहेर येते. आर्मला चीर जाऊ देऊ नका. बोल्टच स्लीव्हमध्ये गंजून एकजीव झालेला असेल, किनारपट्टीच्या गावांत हे हमखास होतं, तर दोन्ही बाजूंनी ग्राइंडरने कापा आणि नवा बोल्ट बसवताना त्याच्या दांडीला कॉपर ग्रीस लावा.

गेलेला बुश ओळखायचा कसा?

गाडी चाकांवर उभी ठेवा, एकाला आत बसवून फर्स्ट आणि रिव्हर्समध्ये क्लच थोडा थोडा सोडायला सांगा, हँडब्रेक ओढलेला. तुम्ही बाजूला उभं राहून आर्मकडे बघा, चाकासमोर किंवा गाडीखाली नाही. मग इंजिन बंद करून, स्टँड लावून, पहार घालून प्रत्येक सांधा उचकटून बघा. रॉड एंडला हाताने लिंक धरून मागे-पुढे ओढा, टिक जाणवली तर गेला, त्यात थोडा प्ले चालतो असं काही नसतं. नटावर पेंटची रेघ मारून ठेवा, रेघ तुटली की नट हलला.

मागचा टो मोजायला माशांच्या गरीची तंगूस वापरा. दोन्ही बाजूंना स्टँडवर समांतर ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर स्टीलच्या पट्टीने घ्या. गाडी एकदा पुढे ढकलून परत घ्या. दोन वेळा वेगळं माप आलं तर बुश ढिला आहे.

अमेरिकन डर्ट लेट मॉडेलला (मातीच्या ओव्हल ट्रॅकवरच्या रेस गाडीला) मागे किती जॉइंट असतात, आपण तसं करावं का?

त्यांचं मागचं अ‍ॅक्सल फोर-बारवर असतं, प्रत्येक बाजूला दोन दोन बार, सगळ्या टोकांना रॉड एंड. ते बार अ‍ॅक्सलला थेट लागत नाहीत, बर्डकेज म्हणून एक पिंजरा अ‍ॅक्सलच्या नळीवर मोकळा फिरतो त्याला लागतात. तो पिंजरा अडकला तर अख्खा सेटअप बिघडतो, म्हणून त्यांच्याकडे त्याच्या बेअरिंगची साफसफाई आणि ग्रीस हे नेहमीचं काम. बॉडी रोल झाली की बारांच्या कोनामुळे एक बाजू पुढे सरकून अ‍ॅक्सल स्वतः स्टिअर होतं. पण त्या गाड्या ओव्हलवर फक्त डावीकडे वळतात. आपल्याला दोन्हीकडे वळायचं असतं, तेव्हा मांडणीची नक्कल नको. त्यांची शिस्त मात्र घ्या, रेस झाली की जॉइंट सुटा करून हातात धरून बघायची.

आम्ही कॉलेजची बाहा बग्गी (विद्यार्थ्यांच्या ऑफरोड स्पर्धेची) बनवतोय, मागे ट्रेलिंग आर्म आहे. काय लावू?

आर्मचा चेसीकडचा पिव्हॉट एकाच अक्षावर असेल तर रुंद अंतरावर दोन अ‍ॅसिटल किंवा गनमेटल बुश, मधे नळी, दोन बाजूंना सील. अंतर जेवढं रुंद तेवढं चाक कमी वाकडं होतं, हे मटेरियलपेक्षा महत्त्वाचं आहे. आडव्या लिंक असतील तर त्यांना रॉड एंड. आणि पोरांनो, बुशची नळी आधी बोअर करून मग वेल्ड करू नका, वेल्डिंगच्या उष्णतेने ती अंडाकृती होते. आधी वेल्ड, मग बोअर. दोन नळ्या एका रेषेत ठेवायला वेल्ड करताना आरपार जाड शाफ्ट घालून ठेवा.

रोजच्या गाडीलाच रोझ जॉइंट लावून रविवारी खेळलो तर?

नको. आवाज, धक्के आणि महिन्याभरात खडखड. चांगलं रबर घाला.

नियमात बसतं का हे सगळं?

क्लासवर आहे. एफएमएससीआयचे (भारतातली मोटरस्पोर्टची संघटना) त्या वर्षीचे नियम आणि त्या इव्हेंटची एसआर (सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स), दोन्ही वाचा, बुशचं मटेरियल बदलायला परवानगी आहे का आणि माउंटिंग पॉइंट हलवता येतो का हे दोन वेगळे मुद्दे असतात. स्क्रूटिनीच्या (गाडी तपासणीच्या) सकाळी कळण्यापेक्षा आधी आयोजकांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुकानात किंवा लेथवाल्याकडे जाताना काय घेऊन जाऊ?

जुना बुश, फाटका असला तरी. नळीचं आतलं माप व्हर्नियरने तीन ठिकाणी घेतलेलं, कारण जुनी नळी क्वचितच गोल असते. बोल्टची जाडी, प्लेटांमधलं अंतर, आर्म पूर्ण वर आणि पूर्ण खाली असतानाचा फोटो. तो सांधा कुठल्या दिशांनी हलतो त्याचं हाताने काढलेलं चित्र, पेन्सिलीने काढलं तरी चालेल. उद्यमबागेत बेळगावला जाणार असाल किंवा इथेच कुंडईत करून घेणार असाल तर शनिवारी दुपारी जाऊ नका, मिस्त्री घाईत असतात. सकाळी जा, त्यांच्याबरोबर चहा घ्या, आणि पहिला एकच बुश करून घ्या, तो गाडीवर बसवून, चाक हाताने वरखाली करून बघा, मग बाकीचे तीन सांगा.